परक्या ढगातला ठिपका

सोमवारच्या बैठकीत योंगहाननं पडद्यावर ठिपके टाकले, तेव्हा सुरियाती कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळत होती. केक तिला आवडत नसे, पण फेकवतही नसे, आणि सोमवारी दुपारी एखादी गोष्ट फेकून द्यायचं ठरवायलासुद्धा जी ताकद लागते ती कुठून आणायची? पडद्यावर तीन ढग होते. लाल ढग चिनी बायकांचा, हिरवा मलय बायकांचा, निळा भारतीय बायकांचा. गेली काही वर्षं इस्पितळाच्या या मजल्यावर हेच चाललं होतं. बाई आली की मशीनमध्ये तिच्या छातीचं चित्र घ्यायचं, दंडातून रक्त घ्यायचं, आणि एकाच शहरात, एकच पाणी पिऊन, एकाच बाजारातली मासळी खाऊन जगणाऱ्या या तीन वंशांच्या बायकांना स्तनांचा कर्करोग तीन तऱ्हांनी का गाठतो ते शोधायचं. कुणाला तो ऐन उमेदीत गाठतो, कुणाला म्हातारपणी. कुणाच्या घट्ट छातीत गाठ दिसतच नाही, कुणाच्या सैल छातीत ती लख्ख दिसते पण बाईच दाखवायला येत नाही. रक्तातल्या बारीक खुणा संगणकाला दिल्या की तो एकेका बाईचा एकेक ठिपका करतो आणि सारखे सारखे ठिपके जवळ बसवतो. त्याला कुणी काही सांगत नाही, तरी तीन ढग होतात. रंग तेवढा माणसं भरतात, बाईनं स्वतःचा जो वंश सांगितला असेल तो. सुरियातीला ते ढग बघताना नेहमी जरा धसकाच वाटायचा, पण पगार असल्या धसक्याचाच असतो म्हणून ती बसून राहायची.

"आणि हा बघा आपला पाहुणा," योंगहान म्हणाला. लाल ढगाच्या अगदी पोटात एक हिरवा ठिपका होता. "मलय आंटी चिनी नववर्षाला जेवायला गेल्या आणि तिथंच राहिल्या." सगळे हसले. योंगहान तसा गुणी मुलगा होता, फक्त आपल्या विनोदावर आपणच आधी हसायचा. त्यानं ठिपक्यावर बोट ठेवलं आणि बाजूला नमुन्याचा नंबर उमटला. सुरियातीचा हात कागदावरच थांबला. तो नंबर तिला पाठ होता. तिनंच तो नळीवर चिकटवला होता, तिनंच चित्रावर घातला होता, आणि नंतर कितीदा तरी, कुणी बघत नाही असं पाहून, त्या नंबरापुढं काही वाईट आलंय का ते चोरून तपासलं होतं. तो नंबर तिच्या आईचा होता.

प्रकल्पाच्या प्रमुख डॉक्टर पुष्पलीला. बोलायच्या कमी, पण चष्मा काढला की समजावं आता काही तरी निघणार. "चित्र दाखव," त्या म्हणाल्या. योंगहाननं चित्र आणलं. माकची, तिच्या आईची, छाती भिंतीएवढी होऊन समोर आली, पांढरी, भरगच्च. खोलीत एवढी माणसं होती, दोघं तर पुरुष होते, आणि सुरियातीला वाटलं की उठावं आणि पडद्यावर आपला हिजाब टाकावा. "सत्तरीला आलेली मलय बाई, चार मुलांना पाजलेली, आणि इतकं घट्ट?" डॉक्टर म्हणाल्या. "तेच तर," योंगहान म्हणाला, "चित्र चिनी, रक्त चिनी, नोंद तेवढी मलय. आणि डॉक्टर, खरी अडचण पुढं आहे. या नमुन्यात तो बिघाड आहे." कुठला बिघाड हे त्या खोलीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. छातीचा कर्करोग ओढवू शकणारा, आईकडून मुलीला, मुलीकडून नातीला जाणारा, निम्म्या निम्म्या शक्यतेनं. ज्या बाईत तो सापडेल तिला बोलवायचं, समोर बसवायचं, तुझ्या आईला काय झालं होतं, मावशीला काय झालं होतं, असं एकेक विचारायचं आणि तिच्या लेकीबाळींना तपासायला घ्यायचं, असा नियम होता. आता कुणी हसत नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला. "त्या दिवशी मशीनवर कोण होतं?"

"मी," सुरियाती म्हणाली. आणि पुढचं वाक्य तिनं ठरवलं नव्हतं, ते आपसूकच तोंडातून निघालं, जसं दार वाजलं की तिच्या घरातल्या बायकांचा हात आपोआप डोक्यावरच्या कापडाकडे जायचा. "माझ्याकडूनच लेबलं बदलली असतील. त्या दिवशी गर्दी होती. पुढं एक चिनी बाई होती बहुतेक."

"मग उलटा ठिपका कुठाय ताई?" योंगहाननं विचारलं. "ही त्या ढगात गेली, तर तिकडची कुणी तरी आपल्या हिरव्यात यायला पाहिजे ना?"

"ती नळी गोठली होती. टाकून दिली." खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. घरात ती कधी खोटं बोलली नव्हती. घरात फक्त न बोलण्याची पद्धत होती.

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या थकल्यासारख्या खुर्चीत मागं टेकल्या. "म्हणजे एक बाई आहे," त्या म्हणाल्या. "चिनी. आत्ता या गावात कुठं तरी भाजी निवडत बसली असेल. तिच्यात हे आहे, आणि ती कोण ते आपल्याला माहीत नाही. योंगहान, हा नमुना काढून टाक. आणि उद्या सकाळपासून त्या दिवशी आलेल्या सगळ्या चिनी बायकांना फोन लाव, परत रक्त द्यायला बोलव." योंगहाननं मान हलवली आणि एक बटण दाबलं. ठिपका नाहीसा झाला. लाल ढग होता तसाच राहिला, एखाद्या ठिपक्यानं ढगाला काय फरक पडणार. बैठक संपली. जाता जाता डॉक्टर तिच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "याती, तू थकली आहेस. रजा घे थोडी," आणि त्या चांगुलपणानं सुरियातीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारभर ती मशीनमध्ये बायकांना दाबत राहिली. पुढं या, खांदा सैल सोडा, हनुवटी वर, आता जरा दाबेल हं, श्वास रोखा. सोडा. एवढीच वाक्यं. बायका या मशीनला काय काय म्हणायच्या. मलय बायका म्हणायच्या, बाई गं, पराठाच लाटलास की माझा. हसत म्हणायच्या, डोळ्यांत पाणी आणून. यांतल्या पुष्कळजणींना सुरियातीनंच गोळा केलं होतं. अभ्यासाला मलय बायका मिळेनात, आकडा पुरा होईना, तेव्हा ती मशिदीतल्या कुराणाच्या वर्गाला जाऊन बसायची आणि संपल्यावर सांगायची की आपण गेलो नाही तर सगळी औषधं चिन्यांच्या मापानं शिवली जातील, मग आपल्याला होईनात का ती ढगळ. बायका हसायच्या आणि चार जणी यायच्या. माक मात्र न सांगता आली होती. एका सकाळी मैत्रिणींच्या घोळक्यात, चांगला निळा, पायघोळ बाजू कुरुंग घालून, पावडर लावून, लग्नाला निघाल्यासारखी. "दुसरी पोरगी आहे आत, माक, ती घेईल तुझं चित्र," सुरियाती म्हणाली होती. "का? परकीला कशाला दाखवू? तू माझंच पिऊन मोठी झालीस, तुला काय लाज?" मग सुरियातीनं स्वतःच्या हातानं माकची छाती उचलून पट्टीवर ठेवली होती. हातांना सवय होती. गार, मऊ, वजनदार. काचेमागं जाऊन बटण दाबलं, चित्र उमटलं, आणि पहिल्याच नजरेत तिच्या मनात आलं होतं की हे आपल्या लोकांचं दिसत नाही. मनात आलं आणि तिनं ते तिथंच दडपलं. दिवसाला पन्नास चित्रं बघणारी बाई ती, तिला काय दिसतं ते तिला दिसतच असतं. पण दिसलेलं सगळं मानलंच पाहिजे असं थोडंच आहे.

आणि खरं म्हणजे चित्राच्याही कितीतरी आधीपासून तिला माहीत होतं. कधीपासून ते सांगता आलं नसतं. लहानपणी बाजारात कोळीण माकशी होक्कियेन चिनीमध्ये बोलायला लागायची आणि माक मलयमध्ये उत्तर द्यायची, घासाघीस करायची, आणि मुलांकडं वळून म्हणायची, "कांदा चिरून चिरून माझे डोळे बारीक झाले, म्हणून ती फसते." मुलांना ते पटायचं. कितीतरी वर्षं सुरियाती कांदा चिरताना आरशात डोळे बघायची. आजोबांचं नाव कासिम, पण माकच्या ओळखपत्रावर बापाच्या जागी अब्दुल्ला. कारकुनाची चूक, असं घरात सांगायचे. अब्दुल्ला म्हणजे देवाचा बंदा, ज्याचा बाप सांगता येत नाही त्याच्या नावापुढं हेच लावतात, हे तिला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर तिनं ते कुणाला विचारलं नाही. माकच्या लग्नाचा एक फोटो होता. नवरदेवासमोर बसून त्याच्या हातात हात देणारा माणूस आजोबा नव्हते, काझी होता. मुलगी नवऱ्याच्या हाती द्यायचा हक्क सख्ख्या बापाचा, आणि आजोबा तर तिथंच मागं, भिंतीला टेकून बसले होते, पाहुण्यासारखे, नवी टोपी घालून. "आजोबांचा घसा बसला होता," आजी सांगायची. मग आजी गेली तेव्हा, अंघोळ घालणाऱ्या बायकांतली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "हिच्या हातून पुण्य घडलं हो. चिन्यांच्या वाघाच्या वर्षी जन्मलेली, अपशकुनी, म्हणून त्या लोकांनी पोर नकोच म्हटलं, हिनं अंगावर पाजून वाढवली." सुरियाती दाराशी पाण्याची बादली घेऊन उभी होती. म्हातारीनं वर पाहिलं आणि दोघींनीही ऐकलं नाही असं ठरवलं. अख्ख्या वस्तीनं असंच ठरवलेलं होतं. सगळ्यांना माहीत, आणि कुणालाच माहीत नाही. माकला माहीत नाही हे तर सगळ्यात आधी ठरलेलं. आजीनं म्हणे सगळ्यांना शपथ घातली होती. म्हणजे आज बैठकीत सुरियाती जे बोलली ते काही तिचं नव्हतंच, त्या शपथेचंच एक टोक तिच्यापर्यंत येऊन पोचलं होतं. असं तिनं स्वतःला समजावून पाहिलं, पण समाधान होईना. त्या बिचाऱ्या चिनी बायकांना उद्या फोन जाणार, ते काही शपथेत नव्हतं.

चारच्या सुमाराला मादाम क्वेक आल्या. ठेंगण्या, छत्री बाहेर ठेवायला तयार नसलेल्या. बाहेर धूर होता, समुद्रापलीकडच्या बेटावरची जंगलं पेटली की दरवर्षी यायचा तसा, आणि छत्रीचा धुरापासून काय बचाव होणार होता देव जाणे, पण त्या ती छातीशी धरून बसल्या. "मिस, मी मागं तुमच्या त्या अभ्यासालासुद्धा रक्त दिलं होतं," त्या अभिमानानं म्हणाल्या. "माझ्याकडं कुणी काही मागितलं की मी नाही म्हणत नाही." सुरियातीनं तारीख विचारली नाही. तिला ठाऊक होती. "पुढं या," ती म्हणाली, "खांदा सैल सोडा." आणि सोडलेल्या त्या खांद्याकडं बघता बघता तिच्या ध्यानात आलं की आपण चित्रासाठी बघत नाही आहोत. खांद्याची हाडं, मनगटं, पायाची ती वाकडी करंगळी. माकची करंगळी अशीच वाकडी होती का? जगातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची करंगळी वाकडी असते. तरी ती बघत राहिली. आजपासून हे असंच होणार, तिला कळून चुकलं. बसमध्ये, बाजारात, लिफ्टमध्ये, त्या वयाची कुणी चिनी बाई दिसली की मनगटं बघायची. ही मावशी असेल. त्या सगळ्याच मावश्या असतील. "काही वाईट दिसतंय का, मिस?" मादाम क्वेकनी घाबरून विचारलं. "तुम्ही बोलत का नाही?" "नाही हो आंटी, छान आहे सगळं," ती म्हणाली. "दिवसभर उभी आहे ना, म्हणून." उद्या सकाळी योंगहान हिला फोन करणार. मादाम, परत रक्त द्यायला या. का हो? सांगता येत नाही मादाम, पण एका बाईत काही तरी सापडलंय. ही रात्रभर छत्री छातीशी धरून बसेल. हिची सून म्हणेल, आई, जेवा तरी. आणि हे सगळं कशापायी, तर सुरियातीच्या घरात काही बोलायची पद्धत नाही म्हणून.

तिचं स्वतःचं चित्र तिनं गेली कित्येक वर्षं काढलं नव्हतं. वेळ नव्हता, असं ती सांगायची, मशीनपासून दोन हातांवर उभी राहून. आता निम्मी शक्यता तिच्या अंगातच होती. कपडे बदलताना तिनं ब्लाऊजवरून हात फिरवला, हातांना सवय असल्यानं ते आपोआप तपासायला लागले, आणि तिनं ते काढून घेतले. भीती वाटली का? वाटायला हवी होती. वाटला तो नुसता कंटाळा, हाडांत बसलेला. आता हेही करायचं. आता याच्याही रांगेत उभं राहायचं.

बस माकच्या वस्तीपाशी, एउनोसला, येईपर्यंत तिनं ठरवलं होतं की माकला काही सांगायचं नाही. स्वतःचं रक्त गुपचूप तपासून घ्यायचं, धाकट्या बहिणीला काही तरी कारण सांगून तिचंही, आणि डॉक्टरांना उद्या सकाळी काही तरी दुसरं खोटं सांगून ते फोन थांबवायचे. कुठलं ते सुचत नव्हतं. खोट्याचं असंच असतं, पहिलं फुकट मिळतं. उतरल्यावर धुरानं घसा खवखवायला लागला. इमारतीखाली म्हातारे तोंडाला फडकी बांधून सोंगट्या खेळत होते. माकच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा चिंचेच्या आमटीचा आणि तळलेल्या बेलाचानचा, आंबवलेल्या कोळंबीच्या त्या लगद्याचा, वास तिच्यापर्यंत आला. कधी नव्हे ती भूक लागल्यासारखं झालं आणि तिला रडू यायला लागलं, पण तेवढ्यात माकनंच जाळीचं दार उघडलं.

"आलीस? चप्पल बाहेर काढ, आत्ताच पुसलंय. आणि तोंड का असं, मढं नेऊन आल्यासारखं? जेवलीस का दुपारी?" "केक खाल्ला." "केक! शहाणीच आहेस. बस. मासा ताजा मिळालाय आज, ती मेली कोळीण जास्त पैसे सांगत होती, मी म्हटलं मी काय काल आले का या बाजारात." माक बोलत राहिली, पातेल्यात भेंड्या टाकत राहिली. ती पाठमोरी होती. गोरी मान, विरळ झालेले पांढरे केस लिंबाएवढ्या अंबाड्यात. किती वर्षांपासून आपण हिला बघतो आहोत, आणि आज एका पोरानं पडद्यावर टाकलेल्या ठिपक्यावरून तिच्याकडं परत बघतो आहोत, याची सुरियातीला लाज वाटली. ती उठून भात वाढायला लागली. आणि भाताचा डाव हातात असतानाच, काहीही न ठरवता, जसं दुपारी निघालं तसंच तिच्या तोंडून निघालं: "माक, तुझ्या रक्तात एक बिघाड निघालाय. छातीच्या रोगाचा. अजून रोग नाहीये, पण होऊ शकतो. मलाही असेल कदाचित."

माकनं गॅस बारीक केला. "तुला असेल?" "निम्मी शक्यता." "आणि बाकीच्या तिघांना?" "त्यांनाही तसंच." माक स्टूल ओढून बसली. मग ती म्हणाली, "म्हणजे हे माझ्या आईकडून आलं."

"आजीला तर—" सुरियातीनं सुरुवात केली. पुढं काय म्हणणार होती कोण जाणे.

"आजी नव्हे गं. मला जन्म देणारी." माकनं हे इतक्या साध्या आवाजात म्हटलं की जणू चाळीस-पन्नास वर्षं ती रोज हेच बोलत आली होती. "डाव ठेव आधी खाली, भात सांडतेयस. मला काय माहीत नाही असं वाटलं तुला? लग्नाच्या सकाळी बा माझ्या खोलीत आले. म्हणाले, बाळ, आज मला तुझा हात देता येणार नाही, काझी देईल. का ते सांगितलं आणि मोठ्यानं रडले. मला म्हणाले, आईला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून, तिनं शपथ घातलीय. मग मी कुणालाच नाही सांगितलं. तुम्हा पोरांना तर नाहीच. म्हटलं, तुम्हाला कशाला लाज."

"लाज कसली, माक?"

"तुला नसेल. त्या वेळी होती. शाळेत पोरं मला डुकराचं मटण म्हणायची." ती हसली. "पण घरात कधी नाही हं. घरात कुणी एक शब्द बोललं नाही. आईनं मला तुझ्या मामाबरोबर अंगावर घेतलं. एकीकडं तो, एकीकडं मी. दुधानं लेक झाले मी तिची, काझीही म्हणाला, हे नातं पक्कं. मामापुढं मला डोकं झाकावं लागलं नाही कधी." आणि मग जरा कुतूहलानं: "तुमच्या त्या मशीनमध्ये ते दिसत नाही का? कुणाचं दूध प्यालं ते?"

"नाही, माक."

"मग काय मोठं शोधलंत." पण तिचा आवाज खुशीतला होता. तिनं सुरियातीचा हात धरला, ओला, बेलाचानच्या वासाचा. "याती, एक सांगू? हसू नकोस. मी तुझ्या त्या आकड्यासाठी नव्हते आले. वर्गातल्या पोरीनं तो तुमचा कागद वाचून दाखवला, त्यात होतं की रक्तावरून माणसाचे लोक कोण ते कळतं. मला वाटलं, मला दिलं तरी घरात आणखी पोरी असतीलच ना? सगळ्याच काही वाघाच्या वर्षी जन्मल्या नसतील. एखादी बहीण असेल माझी. तीही म्हातारी झाली असेल, तिलाही कुणी सांगितलं असेल, जा रक्त दे. मग तुमचा तो संगणक म्हणेल, ही बघा हिची बहीण. तोंडानं कुणाला विचारायची वेळच येणार नाही. मी रोज वाट बघत होते. तुला विचारायची लाज वाटायची." तिचे डोळे चमकत होते. सुरियातीनं तिला इतकं तरुण कधी पाहिलं नव्हतं. "आता नाव लागलंय ना माझं त्यांच्यात? त्या लोकांच्या रांगेत? शोधतील ना?"

धूर खिडकीतून आत येत होता, खिडकी लावायला हवी होती. "माक," सुरियाती म्हणाली, "तुझा नमुना काढून टाकलाय. आज दुपारी. मी सांगितलं की लेबलं बदलली, माझी चूक झाली. मला वाटलं, तुला माहीत नाही. मला वाटलं, तुला कुणी असं समोर बसवून विचारायला नको."

"काढून टाकला म्हणजे?"

"म्हणजे तू नाहीस त्यात. कुठंच नाहीस. ते आता दुसऱ्याच कुणा चिनी बाईला शोधताहेत. उद्या सकाळी सगळ्याजणींना फोन जाणार."

माकनं तिचा हात सोडला. ओरडेल, असं सुरियातीला वाटलं. लहानपणी ओरडायची, हातात असेल ते फेकायची. पण ती नुसती बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून, सरकारी कचेरीत नंबर येण्याची वाट बघणाऱ्या बाईसारखी. आमटी आटत होती. "एकदा त्या लोकांनी देऊन टाकलं," ती म्हणाली. "तेव्हा मी रडले असेन, नसेन, मला काही आठवत नाही. हे मात्र आठवणार मला."

सुरियातीनं पर्स ओढली, फोन काढला. डॉक्टरांना लावला. डॉक्टर घरी पोचल्या असाव्यात, मागं कुणाचं तरी मूल वीणा वाजवायला शिकत होतं, तीच तीच तार. "बोल याती," त्या म्हणाल्या, "बरी आहेस ना?"

"डॉक्टर, ती बाई सापडली. लेबल बरोबर होतं. मी खोटं बोलले. ती माझी आई आहे."

पलीकडं तार वाजायची थांबली. डॉक्टर काय बोलल्या ते तिला कळलं नाही, कारण माकनं उठून तिच्या हातातून फोन काढून घेतला होता. माक फोनवर नेहमी मोठ्यानं बोलायची, समोरचा लांब आहे म्हणून. तिनं कपड्याला हात पुसला, फोन कानाला उलटा लावला, मग सुलटा केला.

"डॉक्टर, मी हालिजा," ती म्हणाली. "उद्या त्या बायकांना फोन करू नका, त्या उगीच घाबरतील. ती मीच आहे. मी येते."